आबांचे सात वार आणि लेकीचं एक वर्ष



गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमाला एका मैत्रिणीने मला कोपऱ्यात गाठलं. तिचा मुलगा दहावीला आहे आणि त्याला एक वर्ष परदेशातल्या शाळेत जायचंय, एक्स्चेंज स्टुडंट म्हणून. "तुमची लेक गेली होती ना? खरं सांगा, फायदा काय झाला?" माईकवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं आणि आतून मसालेभाताचा वास येत होता. "चांगलं असतं गं, पाठव," एवढं म्हणून मी सुटले. पण घरी येताना वाटलं, हे काही उत्तर झालं नाही. म्हणून या महिन्याचा लेख तिच्यासाठी, आणि तिच्या मुलासारख्या तुम्हा पंधरा-सोळा वर्षांच्या सगळ्यांसाठी.

आमचं घर नारायणगुड्यात, केशव मेमोरियल शाळेपासून चालत पाच मिनिटांवर. इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, आमच्या आणि हिमायतनगरच्या रस्त्यांवर जेवढी झाडं नाहीत तेवढ्या क्लासेसच्या पाट्या आहेत. मूल दहावी झालं की इंटर, इंटर झालं की एन्ट्रन्स. आणि आपल्याकडे इंटरच्या दोन्ही वर्षांना बोर्डाची परीक्षा, त्यामुळे मधलं एक वर्ष काढून कुठे जाणं म्हणजे सरळ सरळ एक वर्ष मागे पडणं. लेकीने २०१८ साली रोटरीच्या युथ एक्स्चेंजमधून जर्मनीला जायचं काढलं तेव्हा मी पहिलं वाक्य तेच बोलले, "वर्ष वाया जाईल." दुसरं वाक्य होतं, "कुणाच्या घरी राहणार तू? ओळख ना पाळख!"

या कार्यक्रमांमध्ये मूल हॉस्टेलवर राहत नाही. तिथलं एखादं कुटुंब त्याला घरात ठेवून घेतं, जेवू घालतं, शाळेत पाठवतं. रोटरीत तर वर्षभरात बहुतेक दोन-तीन घरं बदलतात. मला तेच पटत नव्हतं. आज या घरी, उद्या त्या घरी, मुलगी आहे की पोस्टाचं पाकीट?

तेव्हा खुर्चीत पेपर वाचत बसलेले माझे सासरे, आमचे आबा, म्हणाले, "मी सात घरं केली. जाऊ दे तिला."

आबांना कमी ऐकू यायचं, पण नेमकं नको ते ऐकू यायचं.

सात घरांची गोष्ट आम्हाला तुकड्या-तुकड्यांत माहीत होती. त्या संध्याकाळी त्यांनी ती लेकीला सलग सांगितली. १९४४ साली, बारा वर्षांचे असताना, ते नांदेडजवळच्या खेड्यातून मीटर गेज गाडीने काचीगुड्याला उतरले. गावात चौथीपुढे शाळा नव्हती. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात, त्यामुळे पुढे शिकायचं तर हैदराबाद, आणि वरचं शिक्षण बहुतेक उर्दूत. झोपायला एका ओळखीच्यांची पडवी होती. जेवायला वार लावले होते. तुमच्यातल्या लहानांना हा शब्द माहीत नसेल. वार लावून जेवणं म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी. सोमवार वकिलांकडे, मंगळवार मास्तरांकडे, असं. प्रत्येक घर आठवड्यातून एक दिवस त्या मुलाला पानावर बसवायचं. कित्येक मराठी माणसं अशी शिकली. मात्र ही सोय सगळ्या जातींच्या मुलांना मिळत नव्हती. हेही आबाच सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

आबांचा गुरुवार एका तेलुगू घरी होता. पहिल्या गुरुवारी त्यांना तिखट सोसलं नाही, अर्धा भात पानात टाकून उठले. घरातल्या बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी त्यांनी भात अगदी थोडा वाढला, मूल टाकतंय म्हणून. आबा उपाशी उठले. तिसऱ्या गुरुवारी येताना त्यांनी शाळेतल्या मित्राकडून एक वाक्य पाठ करून घेतलं, "इंका कोंचेम पेट्टंडी." म्हणजे, अजून थोडं वाढा. आबांच्या आयुष्यातलं ते पहिलं तेलुगू वाक्य. "मागायला लाज वाटत होती," ते म्हणाले, "पण मागितल्यावर त्या बाई अशा हसल्या की पुढची पाच वर्षं गुरुवारी मी सगळ्यात जास्त जेवलो."

लेक ऑगस्टमध्ये गेली.

आता फायद्याकडे येते. आधी, जे फायदे होतील असं वाटलं होतं आणि झाले नाहीत, ते सांगते. तिचे इंग्रजीचे मार्क वाढले नाहीत. जर्मन बोलायला शिकली, पण आता ती भाषा गंजत चाललीय. एन्ट्रन्सला त्या वर्षाचा एका मार्काचा उपयोग झाला नाही. परत आल्यावर ती वर्षाने लहान मुलांबरोबर इंटरला बसली, आणि जुन्या मैत्रिणी पुढे गेल्याचं तिला काही महिने चांगलंच बोचलं. हे सगळं खरं आहे, आणि तुमच्या मुलाला पाठवणार असाल तर ते धरून चला.

मग मिळालं काय?

पहिली गंमत मार्कांची. जर्मनीत १ म्हणजे सगळ्यात उत्तम आणि ६ म्हणजे नापास. तिने कळवलं, "गणितात २ मिळाले." आबांनी आठवडाभर तिला धीर देणारे निरोप पाठवले. दुसरी गोष्ट अशी की तिथे वर्गात तोंड उघडण्यालाही मार्क असतात. लेखी पेपर वेगळा, आणि तासाला तुम्ही किती भाग घेता, काय विचारता, याचं मोजमाप वेगळं. आमची लेक दहा वर्षं पहिल्या पाचांत होती, पण वर्गात हात वर करून तिने कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही. तिथे शिक्षिका विचारायच्या, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "आई, पहिले दोन महिने मला भाषा येत नव्हती म्हणून मी गप्प होते असं सगळ्यांना वाटलं. खरं म्हणजे मला काही वाटतच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं ना आधी."

घरं तीन मिळाली. पहिलं शिक्षक जोडप्याचं. संध्याकाळी सहाला ब्रेड, चीज, काकडी, असं थंड जेवण. गरम वरण-भाताच्या आठवणीने ती रडायची. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी विसरलेलं दूध सोमवारपर्यंत विसरायचं. दुसरं घर एका नर्सबाईंचं, दोन लहान मुलं, बाईंना रात्रपाळ्या. आणि इथेच ठिणगी पडली. बाईंनी एका सकाळी तोंडावर सांगितलं, "तू अंघोळीला फार वेळ लावतेस, हीटर चालू असताना खिडकी उघडी ठेवतेस, आणि बिल मी भरते." आपल्याकडे पाहुणीला असं कुणी म्हणेल का? लेकीने रडत फोन केला. मी लगेच तिथल्या रोटरीच्या काउन्सेलरना मेल लिहायला बसले. आबांनी विचारलं काय चाललंय. मी कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "तू लिहू नकोस. तिला सांग, उद्या सकाळी स्वतः बोल. त्या घरचं वाक्य अजून शिकली नाहीये ती."

ती बोलली. "चूक झाली, मला माहीत नव्हतं, आमच्याकडे हीटर नसतो," असं सांगितलं, आणि जमेल ते काम मागून घेतलं. बाईंच्या डोक्यात राग नव्हताच, तिथे सरळ सांगण्याची पद्धत आहे. त्यानंतर रात्रपाळीच्या दिवशी धाकट्याला झोपवायचं काम लेकीकडे आलं. आज ती सर्वात जास्त बोलते ती याच घराशी.

आणि मराठी! ही कमाई मी धरलीच नव्हती. लेक इंग्रजी माध्यमातली, दुसरी भाषा तेलुगू. मराठी घरात बोलण्यापुरती, तीसुद्धा 'मेरेकू-तेरेकू'ची फोडणी दिलेली. आबांना फोनवर ऐकू येईना. म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर लिहिण्यावाचून इलाज नाही. ती वहीच्या कागदावर मराठीत पत्र लिहायची, फोटो काढून मला पाठवायची, मी तो मोठा करून छापून आबांना द्यायची. आबा वाचायचे, आणि लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून मला म्हणायचे, "परत पाठव." पहिल्या पत्रात सत्तावीस लाल खुणा होत्या. जूनच्या पत्रात चार. बारा वर्षं नारायणगुड्यात राहून जे मी शिकवू शकले नाही, ते तिने सात हजार किलोमीटरवर बसून केलं.

एक्स्चेंज म्हणजे अदलाबदल, हे मात्र आम्ही विसरलो होतो. त्याच वर्षी आमच्याकडे तीन महिन्यांसाठी ब्राझीलची एक मुलगी राहायला आली. तिने आठ दिवसांत असा प्रश्न विचारला की आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. "गेटवरची पाटी तेलुगूत, टीव्ही हिंदीत, पेपर इंग्रजीत, आणि भांडता तुम्ही मराठीत. तुम्ही नक्की कुठले?" आबांनी तिला सांगितलं, "जिथे भांडतो तिथले." ती त्यांच्याकडून हाताने भात कालवायला शिकली, आणि आम्ही तिच्याकडून शिकलो की आपण घरात एकमेकांना 'थँक यू' म्हणत नाही, पण एकमेकांचं ताट वाढतो.

जानेवारीत आबा बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. लेक त्याच आठवड्यात तिसऱ्या घरी जात होती. मी आणि नवऱ्याने ठरवलं, तिला इतक्यात कळवायचं नाही. परीक्षा आहे, घर बदलतेय, एवढ्या लांब एकटी आहे, उगाच घाबरेल. आपण सगळेच असं करतो. आपल्या मते ती माया असते.

चौथ्या रात्री अडीच वाजता फोन वाजला. आमच्या ब्राझीलच्या पोरीने तिला सहज विचारलं होतं, आता आजोबा कसे आहेत? लेकीला माहीत असणारच, असं तिने धरलं होतं. लेक रडत नव्हती. ते ऐकून मी जास्त घाबरले. ती म्हणाली, "आई, मी इथे पाहुणी आहे. तिथेही पाहुणीच आहे का? आपल्याकडे राहायला आलेल्या मुलीला कळवलंत आणि मला नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी "तुझ्या काळजीने" असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, "काळजी माझीही होती ना. माझ्या वाटणीची मला करू द्यायची होती."

तिला परत बोलवायचं का, हा विषय निघाला. आबा हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणाले, मधून कुणी उठत नाही पानावरून. आणि मग आमच्या दोघांवर चिडले, ऑपरेशन झालेला माणूस चिडू शकतो त्यापेक्षा बरेच जास्त. "मी बारा वर्षांचा होतो तेव्हा माझी आजी गेली. मला दोन महिन्यांनी कळवलं, अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. मी ते अजून विसरलेलो नाही. तुम्हीही तेच केलंत?"

ही गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नव्हती. सत्तर-पंचाहत्तर वर्षं पोटात ठेवली होती.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. वाईट बातमी सगळ्यांना एकाच वेळी. कुणी लहान नाही, कुणी लांब नाही. त्या वर्षाचा सगळ्यात मोठा फायदा मला विचाराल तर हा, आणि तो लेकीपेक्षा आम्हाला जास्त झाला. मूल वर्षभर दुसऱ्यांच्या घरी स्वतःचं स्वतः निभावतं, आणि घरच्यांना कळतं की ते आता घरातलं एक मोठं माणूस आहे. आपल्याकडे हे कळायला लग्न व्हावं लागतं, कधीकधी तेही पुरत नाही.

हे काही नवीन नाही, बरं का. आनंदीबाई जोशी १८८३ साली अठराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. ना नातं ना गोतं, केवळ पत्रांतून झालेली ओळख. डॉक्टर होऊन आल्यावर वर्षभरातच त्या गेल्या आणि त्यांच्या अस्थी त्याच कुटुंबाकडे पाठवल्या गेल्या, हे वाचलं की परकं घर किती आपलं होऊ शकतं ते कळतं. आपल्या हैदराबादची सरोजिनी १८९५ साली सोळाव्या वर्षी निजामाच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली. तिचं 'गोल्डन थ्रेशोल्ड' आपल्यापासून फार लांब नाही. गोव्याचे दामोदर कोसंबी १९१८ साली अकराव्या वर्षी वडिलांबरोबर अमेरिकेला गेले आणि तिथल्या केंब्रिज लॅटिन स्कूलमधून शिकून हार्वर्डला पोचले. शाळकरी मुलांची नियमित अदलाबदल मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर वाढली. युद्धात जखमींच्या रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांच्या 'एएफएस' या संस्थेने १९४७ साली मुलं एकमेकांच्या देशात पाठवायला सुरुवात केली. ज्यांनी युद्ध जवळून पाहिलं त्यांना वाटलं, मुलं एकमेकांच्या घरी जेवली तर पुढचं युद्ध जरा अवघड होईल.

आता मैत्रिणीसाठी कामाच्या चार गोष्टी.

पहिली, वेळ. दहावीनंतर लगेच जाणं सगळ्यात सोयीचं. अमेरिकेच्या शालेय एक्स्चेंज व्हिसाला वय पंधरा ते साडेअठरा लागतं. इंटरचं एक वर्ष झाल्यावर मधूनच उठलात तर घोळ होतो. परतल्यावर कोणत्या वर्गात घेणार, हे शाळा-कॉलेजकडून जाण्याआधीच लिहून घ्या. तोंडी 'बघू' वर विसंबू नका.

दुसरी, पैसे. रोटरीसाठी आईवडील रोटरीचे सभासद असायची गरज नाही. तिथलं राहणं-जेवण आणि शाळा यांचा भार यजमान उचलतात, विमान, विमा, व्हिसा हे आपल्याकडे. पूर्ण शिष्यवृत्तीचेही कार्यक्रम असतात. अमेरिकेच्या सरकारने २००२ मध्ये सुरू केलेला केनेडी-लुगार 'येस' हा त्यातला एक. त्यावर गेलेल्यांना परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते, म्हणजे 'पोरगं तिकडचंच होईल' ही आजीची भीती परस्पर मिटते. कार्यक्रम आणि नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करताना त्या वर्षीची माहिती काढा.

तिसरी, सुरक्षितता. निर्धास्तपणे विचारा, यजमान घरातल्या मोठ्या माणसांची पोलीस तपासणी झाली आहे का? यजमानांशी संबंध नसलेलं, मुलाला कधीही फोन करता येईल असं तिथलं माणूस कोण? घर पटलं नाही तर बदलून मिळतं का? जो कार्यक्रम या तीन प्रश्नांना सरळ उत्तरं देत नाही, तिकडे पाठवू नका.

चौथी, परदेशच हवा असं नाही. पुण्याजवळ मुळशीला १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथे अनेक देशांतली सोळा ते एकोणीस वर्षांची मुलं एकत्र राहून शिकतात. विमानाऐवजी रेल्वे, बाकी शिकणं तेच.

लेक जुलैमध्ये परत आली. पुढे इंटर, एन्ट्रन्स, इंजिनिअरिंग, सगळं रांगेत झालं. म्हणजे अखेर पोचली तिथेच, फक्त एक वर्ष उशिरा. आबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या कपाटात एका पत्र्याच्या डब्यात तिची अकरा पत्रं होती, लाल खुणांसकट. शेवटच्या पत्रावर त्यांनी सुधारणेच्या खाली तेलुगू अक्षरांत लिहिलं होतं, इंका कोंचेम पेट्टंडी.

तर मैत्रिणी, पाठव. पण त्याआधी एक कर. दिवाळीच्या सुट्टीत त्याला आठवडाभर दुसऱ्या कुणाच्या घरी ठेव. नातेवाईक नकोत, ते लाड करतात. तेलुगू शेजारी चालतील, मंडळातलं एखादं घरही चालेल. तिथे त्याला मागता आलं, चूक कबूल करता आली, आणि पानातलं संपवता आलं, तर जर्मनी काय, कुठेही जमेल. आणि त्यांचं मूल तुझ्याकडे राहू दे, अदलाबदल पुरी व्हायला हवी.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणाला असा एक वार आपल्या घरी लावायचा असेल तर मंडळाकडे नाव द्या. गुरुवार मी आधीच घेतलाय. बाकीचे सहा मोकळे आहेत.

भेटू पुढच्या महिन्यात.